जर्मनीतल्या वृद्धाश्रमात रशियन बोलताना

तुम्ही पुण्यात दोन वर्षे रशियन शिकलात, नंतर जर्मनची परीक्षा देऊन नैर्ऋत्य जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून रुजू झालात. तुमच्या मजल्यावर अकरा वृद्ध आपसांत रशियन बोलतात. त्यांपैकी एका बाईंना तुम्ही मायेने ‘बाबुश्का’ म्हणालात, तर त्यांनी तोंड फिरवले. एका गृहस्थांना ‘तुम्ही रशियाचे ना?’ असे विचारले, तर ते ‘मी जर्मन आहे’ असे तुटकपणे म्हणाले. त्यांची निम्मी रशियन तुम्हाला कळत नाही. त्यांच्याशी रशियन बोलावे की नाही, आणि बोलायचे तर काय सांभाळावे, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः पुण्यात रशियन शिकले, काही वर्षे शिकवले आणि गेली एकोणीस वर्षे बर्लिनमधल्या रुग्णालयांत व वृद्धाश्रमांत रशियन-जर्मन दुभाषी म्हणून काम करते आहे. तुमची अडचण मला जवळून ठाऊक आहे, कारण पहिल्या वर्षी याच दोन्ही चुका माझ्याकडूनही झाल्या होत्या.

आधी बोलण्याचे सांगते. रशियन जरूर बोला. मात्र ती या माणसांची भाषा आहे, तेवढ्यावरून ती त्यांची ओळख आहे असे धरून चालू नका. बाकी सगळ्या सूचना यातूनच निघतात.

मराठीत आपल्याकडे ‘रशियन’ हा एकच शब्द आहे. रशियन भाषेत मात्र दोन आहेत. ‘रूस्की’ म्हणजे वंशाने रशियन, आणि भाषेलाही तोच शब्द लागतो. ‘रसियानिन’ म्हणजे रशिया या देशाचा नागरिक, मग तो तातार असो, चेचेन असो की याकूत. त्यात सोव्हिएत काळाची आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे. सोव्हिएत पासपोर्टात प्रत्येकाच्या नावासमोर त्याची ‘राष्ट्रीयता’ लिहिलेली असे: रशियन, युक्रेनियन, जर्मन, ज्यू. नोकरीच्या फॉर्मवर हा रकाना पाचवा असे, म्हणून त्याला ‘पाचवा रकाना’ म्हणत आणि तो आईवडिलांवरून ठरे. या रकान्यामुळे कुणाला विद्यापीठात जागा नाकारली गेली, कुणाची बढती अडली. तुमच्या मजल्यावरच्या बहुतेकांच्या पाचव्या रकान्यात ‘रशियन’ हा शब्द कधी नव्हताच. आयुष्यभर ज्यांना ‘तुम्ही रशियन नाही’ असे कागदावर लिहून सांगितले गेले, त्यांना जर्मनीत पाय ठेवताच सगळे ‘रशियन’ म्हणू लागले. तुमच्या त्या गृहस्थांचा तुटकपणा तिथून आलेला आहे. ‘तिकडे आम्ही जर्मन होतो, इकडे रशियन झालो’ हे वाक्य या समाजात मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मी ते वाक्य पूर्ण होण्याआधीच मान हलवते.

ते गृहस्थ बहुधा रशियातल्या जर्मनांपैकी असावेत, आणि तुमच्या भागात त्यांची संख्या मोठी आहे. तुमच्याच राज्यातल्या लार या गावाचे उदाहरण घ्या. तिथला कॅनडाचा लष्करी तळ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाला, सैनिकांची घरे रिकामी पडली आणि ती रशियातून व कझाकस्तानातून आलेल्या जर्मन कुटुंबांनी भरली. या लोकांचा इतिहास २२ जुलै १७६३ पासून सुरू होतो. त्या दिवशी सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिने जाहीरनामा काढून परदेशी शेतकऱ्यांना रशियात वसण्याचे आमंत्रण दिले. धर्माचे स्वातंत्र्य, लष्करी सेवेतून सूट आणि काही वर्षे करमाफी असे त्याचे आमिष होते. हजारो जर्मन व्होल्गा नदीच्या काठी जाऊन राहिले, पुढे काळ्या समुद्राच्या बाजूलाही वसले. व्होल्गाकाठी १९२४ मध्ये त्यांचे स्वायत्त प्रजासत्ताकही झाले. हिटलरने हल्ला केल्यावर २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकमाने ते संपले आणि व्होल्गाकाठच्या सगळ्या जर्मनांना मालगाड्यांत घालून सायबेरिया व कझाकस्तानात नेऊन टाकण्यात आले. तरुण स्त्रीपुरुषांना ‘त्रूदआर्मिया’ म्हणजे श्रमसेनेत धाडले गेले. जंगलतोड, खाणी, उपासमार. १९५५ च्या अखेरीपर्यंत ते ‘कमेंदातूरा’च्या देखरेखीखाली होते, म्हणजे ठराविक दिवशी जाऊन हजेरी द्यायची आणि परवानगीवाचून गाव सोडायचे नाही.

भाषेच्या दृष्टीने यातली मुख्य गोष्ट अशी की त्या काळात रस्त्यावर जर्मन बोलणे म्हणजे ‘फॅसिस्ट’ ही शिवी ओढवून घेणे होते. आईने घरात दार लावून जी बोली शिकवली तेवढीच जर्मन टिकली, आणि १९४५ नंतर जन्मलेल्यांच्या तोंडी ती फार थोडी उरली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वीस लाखांहून अधिक लोक या गटातून जर्मनीत आले. एकट्या १९९४ मध्ये दोन लाखांहून अधिक. येताना त्यांच्यातल्या अनेकांनी पित्याचे नाव कागदांवरून काढून टाकले, इव्हानचा योहान झाला, एकातेरिनाची काथारिना झाली, कारण तशी कायद्याने मुभा होती. १९९६ पासून तर अर्जदाराची जर्मन भाषेची परीक्षाही होऊ लागली. ज्या भाषेसाठी लहानपणी मार खाल्ला, ती येत नाही म्हणून म्हातारपणी अर्ज फेटाळला जाण्याची भीती, असा हा प्रवास आहे. त्यामुळे ‘तुम्ही रशियाचे ना?’ असे विचारू नका. ‘तुमचे बालपण कुठल्या गावात गेले?’ असे विचारा. त्याला उत्तर मिळते, आणि बहुतेक वेळा त्यापाठोपाठ बरेच काही मिळते.

दुसरा मोठा गट सोव्हिएत संघातून आलेल्या ज्यूंचा आहे. १९९१ पासून जर्मनीने त्यांना विशेष निर्वासित म्हणून घेतले आणि पुढच्या पंधराएक वर्षांत कुटुंबीयांसह दोन लाखांहून अधिक लोक आले. हे बहुतांशी शहरी लोक होते: लेनिनग्राड, कीव, ओदेसा, खारकीव इथले अभियंते, डॉक्टर, संगीतशिक्षक. त्यांची मातृभाषा रशियनच, आणि बहुधा उत्तम, ग्रंथवाचनाने घडलेली रशियन. तरीही ते स्वतःला रशियन म्हणवणार नाहीत. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. रायगडातून इस्राएलला गेलेले बेने इस्राएल घरात मराठी बोलतात, तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढतात, आणि त्यांच्या ज्यू असण्यात त्यामुळे काही कमी होत नाही. तसेच हे आहे.

या दोन गटांत एक कटुता आहे, ती तुम्हाला जेवणाच्या टेबलावर जाणवेल. रशियातल्या जर्मनांची सोव्हिएत संघातली नोकरीची वर्षे जर्मन निवृत्तिवेतनात धरली जातात (१९९६ च्या कायद्यानंतर निवृत्तिवेतन सुरू झालेल्यांना त्यात ४० टक्के कपात लागते), ज्यू निर्वासितांची मात्र धरली जात नाहीत. चाळीस वर्षे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरीणबाई इथे सरकारी किमान मदतीवर जगतात. दोघांनाही अन्याय झाल्यासारखे वाटते, आणि माझ्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे. त्या वादात तुम्ही पडू नका. मात्र एखादी बाई ‘मला काही मिळत नाही’ असे म्हणाली, तर ती कुरकुर करते असे नोंदवहीत लिहू नका.

आता ‘बाबुश्का’विषयी. आपण कोणत्याही वयस्क बाईंना ‘आजी’ म्हणतो आणि त्यात मानच असतो. रशियनमध्ये ‘बाबुश्का’ ही नातवाने मारायची हाक आहे. परक्याने, तेही दवाखान्यात, ती हाक मारली की तिचा अर्थ होतो ‘म्हातारे’. शहरी, शिकलेल्या बाईला तो अपमान वाटतो. मानाची हाक म्हणजे स्वतःचे नाव आणि त्याला जोडून वडिलांचे नाव: आन्ना इव्हानोव्ना, बरीस मिखाइलोविच. आपल्याकडेही स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हाच क्रम आहे, पण आपण मधले नाव फॉर्मवर लिहितो, हाक मारत नाही. रशियनमध्ये तीच हाक आहे, आणि तिच्याबरोबर ‘वी’ म्हणजे आपले ‘तुम्ही’ येते. जर्मन कागदपत्रांत वडिलांचे नाव नसते, त्यामुळे विचारावे लागते. त्यासाठी रशियनमध्ये ठरलेला, अतिशय सभ्य प्रश्न आहे: ‘काक वास पा ओत्चेस्त्वु?’ हा प्रश्न मी एकदा एका निवृत्त गणितशिक्षिकेला विचारला. दोन वर्षे सगळे तिला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत होते. ती उशीला टेकून सरळ बसली, केस सारखे केले, आणि मग आपले नाव वडिलांच्या नावासह सावकाश उच्चारले. त्या दिवसापासून तिने औषध नाकारले नाही. सगळ्यांनाच असे हवे असते असे मात्र नाही. रशियातल्या जर्मनांपैकी काहींनी ते नाव मनापासून मागे टाकलेले असते आणि त्यांना ‘फ्राऊ’ किंवा ‘हेर’ अधिक आडनाव हेच हवे असते. म्हणून विचारायचे, आणि जे उत्तर येईल ते पाळायचे.

तुम्हाला निम्मी रशियन कळत नाही याची कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे आजारपणाचे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत नसतात. ‘ऊत्का’ म्हणजे बदक हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. अंथरुणाला खिळलेला पुरुष ‘ऊत्कू दाइत्ये’ म्हणतो तेव्हा त्याला लघवीचे भांडे हवे असते. ‘सूद्नो’ म्हणजे जहाज, पण खाटेवरच्या बाईने ते मागितले तर बेडपॅन न्यायचा, आणि लवकर न्यायचा. ‘उ मिन्या दाव्लेनिये’ याचा शब्दशः अर्थ ‘मला दाब आहे’. आपल्याकडे ‘मला बीपी आहे’ म्हणतात तसेच, म्हणजे रक्तदाब वाढला आहे. मधुमेहाला ते ‘साखर’ म्हणतात. होय, उच्चारही जवळजवळ तसाच, कारण रशियन ‘साखर’ आणि आपली साखर या दोन्हींचे मूळ संस्कृत शर्करेत आहे. माझ्या एका मराठी सहकारी मुलीला पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी ‘साखर’ म्हणून हात पुढे केला, तिने बोटाला सुई टोचून तपासणी केली, आणि आपल्याला रशियन येते की मराठी हेच तिला क्षणभर कळेना.

दुसरे कारण म्हणजे त्यांची रशियन तीस वर्षे जर्मनीत राहिलेली आहे. डॉक्टरकडच्या ठरलेल्या वेळेला ते ‘तेर्मिन’ म्हणतात, दवाखान्याला ‘प्राक्सिस’, आरोग्य विम्याला ‘क्रांकेनकासा’. रशियनमध्ये ‘तेर्मिन’ म्हणजे पारिभाषिक संज्ञा, म्हणून पुण्यात शिकलेला विद्यार्थी गोंधळतो. या जर्मन शब्दांना ते रशियन विभक्ती मात्र काटेकोरपणे लावतात: ‘न्येत तेर्मिना’ म्हणजे वेळ मिळालेली नाही, ‘क तेर्मिनु’ म्हणजे त्या वेळेपर्यंत. आपण ‘अपॉइंटमेंटला’, ‘डॉक्टरने’, ‘इन्शुरन्सचा’ म्हणतो, तेव्हा शब्द इंग्रजी असतो आणि प्रत्यय मराठी. विभक्ती जिवंत आहे तोवर भाषा जिवंत आहे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे आणि अजूनही मानते. तेव्हा ही बिघडलेली रशियन आहे असे समजून ती दुरुस्त करू नका. शब्दांची यादी करा आणि शिका.

विभक्ती कुठे डळमळते ते नातवंडांच्या बोलण्यात ऐका. इथे जन्मलेली मुले स्वयंपाकघराची रशियन सहज बोलतात, पण रशियनची तीन लिंगे त्यांच्याकडून सुटू लागतात आणि नपुंसकलिंग सर्वांत आधी जाते. ‘याब्लोको’ म्हणजे सफरचंद हे नपुंसकलिंगी, पण शेवटच्या ‘ओ’वर आघात नसल्याने तो ‘आ’सारखा ऐकू येतो आणि मूल त्याला सरळ स्त्रीलिंगी करून टाकते. हे केवळ व्याकरणाचे कुतूहल म्हणून सांगत नाही. नातू चांगला रशियन बोलतो म्हणून त्याला दुभाषी करण्याचा मोह वृद्धाश्रमांना होतो. त्याला ‘जेवलीस का’ म्हणता येते; ‘गाठ पसरली आहे’ म्हणता येत नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या आजीला ते सांगूही नये. असे काही सांगायचे असेल तेव्हा प्रशिक्षित दुभाषी मागा, आणि मिळेपर्यंत आग्रह धरा.

स्मृतिभ्रंश झालेल्यांत भाषा उलट्या क्रमाने सुटताना दिसतात: नंतर शिकलेली आधी जाते. त्यामुळे काल जर्मन बोलणाऱ्या बाई आज फक्त रशियन बोलतील. १९४१ पूर्वी जन्मलेल्या व्होल्गाकाठच्या बाई त्याहीपुढे जाऊन आईची जुनी जर्मन बोली बोलू लागतील, आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या असतील तर प्लाउटडीच नावाची सखल प्रदेशातली जर्मन. तेव्हा तुमची रशियन आणि तुमची जर्मन दोन्ही अपुऱ्या पडतील. माझ्या अनुभवात अशा वेळी आवाजाचा सूर आणि हातावरचा हात यांवरच बरेचसे काम चालते.

रोजच्या शुश्रूषेतल्या चार गोष्टी तुम्हाला ठाऊक असायला हव्यात. जर्मन परिचारिका सकाळी खिडक्या सताड उघडतात. या वृद्धांना ‘स्क्वझ्न्याक’, म्हणजे समोरासमोरच्या दारा-खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताची खरीखुरी भीती असते. आधी पांघरूण आणि डोक्याला रुमाल, मग खिडकी, आणि दार बंद. पाठीवर गोल काळेनिळे वण दिसले तर मारहाणीचा संशय घेण्याआधी ‘बान्की’विषयी विचारा, काचेचे पेले तापवून पाठीला लावण्याचा तो जुना घरगुती उपाय आहे आणि मुली भेटीला आल्या की तो अजूनही करतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कपाटातली छोटी बाटली. ‘कोर्वालोल’ नावाचे थेंब हृदयासाठी म्हणून नातेवाईक तिकडून आणून देतात. त्यांत फेनोबार्बिटल असते. झोपेच्या गोळ्यांबरोबर ते घेतले तर धोका आहे, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांचा परिणाम त्याने कमी होतो. बाटली हिसकावू नका, पण डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. फुले नेलीत तर विषम संख्येने न्या, कारण सम संख्येची फुले मृतांना वाहतात. आपण आहेर एकवीस किंवा एक्कावन्न रुपयांचा करतो, त्यामुळे हे तुम्ही विसरणार नाही.

पावाविषयी वेगळे सांगायला हवे. बर्लिनमधल्या एका वृद्धाश्रमात एक बाई रोज पावाचे तुकडे कागदी रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवत असत. स्वच्छतेचा नियम म्हणून ते रोज टाकले जात आणि रोज संध्याकाळी त्या रडत. त्या ‘ब्लोकाद्नित्सा’ होत्या, म्हणजे जर्मन सैन्याने लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्यातून वाचलेल्या. तो वेढा सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ असा ८७२ दिवस चालला, आणि १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुलाच्या वाट्याला दिवसाला १२५ ग्रॅम पाव येत असे, तोही भेसळीचा. श्रमसेनेतून आलेल्या जर्मन वृद्धांतही हीच सवय दिसते. आम्ही शेवटी झाकणाचा एक डबा दिला, पाव त्यात राहू लागला, आणि शिळा तुकडा त्यांच्यासमोर ताज्या तुकड्याने बदलायचा असे ठरवले. रडणे थांबले.

सणांच्या बाबतीत ‘रशियन दुपार’ आणि मात्र्योश्का बाहुल्या यांपासून दूर राहा. ज्यू घरांत ३१ डिसेंबरची रात्र आणि नववर्षाचे झाड मोलाचे असते. रशियातल्या जर्मनांचा नाताळ बहुधा २४ डिसेंबरला, आणि ऑर्थोडॉक्स असणाऱ्याचा ७ जानेवारीला. ९ मे, म्हणजे हिटलरवरच्या सोव्हिएत विजयाचा दिवस, हा कुणासाठी वडिलांच्या पदकांचा दिवस आहे. जर्मन गटाचा स्मृतिदिन २८ ऑगस्ट आहे. प्रत्येकाला त्याचा दिवस विचारा.

२०२२ नंतर युक्रेनमधून आलेले वृद्धही तुमच्या मजल्यावर असू शकतात; होलोकॉस्टमधून वाचलेल्या काहींना त्या वर्षी थेट जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत आणण्यात आले. खारकीव किंवा ओदेसाचे लोक रशियन बोलत मोठे झाले असले, तरी आता काहींना ती भाषा कानावर नको असते. पहिला प्रश्न जर्मनमध्ये विचारा: कोणत्या भाषेत बोलू? रशियन चालेल असे म्हणाले, तर एका शब्दयोगी अव्ययाची काळजी घ्या. ‘युक्रेनमध्ये’ म्हणायला आपल्याला पुण्यात ‘ना उक्राइने’ शिकवले गेले. ते प्रांताविषयी बोलल्यासारखे वाटते, आणि स्वतंत्र देश म्हणून ‘व उक्राइने’ असे त्यांना हवे असते. एका छोट्या शब्दाचा हा फरक आहे, पण घर सोडून आलेल्या माणसाला तो लगेच ऐकू येतो.

मजल्यावर फक्त जर्मन बोलण्याची सूचना तुम्हाला मिळाली आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. नोंदी आणि सहकाऱ्यांशी बोलणे जर्मनमध्येच हवे, ते योग्यच आहे, कारण रात्रपाळीच्या परिचारिकेला तुमची नोंद वाचता आली पाहिजे. रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणे ही मात्र शुश्रूषा आहे, आणि प्रमुखांना ते तसेच सांगा. प्रत्येक रुग्णाच्या फाइलमध्ये जीवनवृत्ताचे पान असते. त्यावर चार ओळी जर्मनमध्ये लिहा: बालपणीचे गाव, आज कोणती भाषा चालते, वडिलांच्या नावासह हाक हवी की नको, आणि उशीखालच्या पावाचे काय करायचे. तुमच्या सुट्टीच्या दिवशी जी कुणी येईल, तिला त्या ओळी लागतील.